हुजूरांनी पाहिलेला शनी

मार्गशीर्ष लागला की हैद्राबादेत जांब, म्हणजे तुमचे पेरू, येतात. आबिड्सच्या कोपऱ्यावर गाडीवाला जांबाला चार चिरा देतो, आत तिखटमीठ भरतो आणि तो वास नाकात शिरला की माझी मान आपोआप नैर्ऋत्येकडे वळते. बायको म्हणते, मानेला तेल लावत जा. तेलाचा संबंध आहेच म्हणा. मान वळते ती शनीच्या दिशेनं. गेली कित्येक वर्षं ती नुसतीच वळायची, तिथं काही नसायचं. यंदा आहे. दिवेलागणीला पोस्टाच्या पायऱ्यांवर उभा राहिलो तर समोर, नेमका त्याच उंचीवर, पिवळसर, न लुकलुकणारा. शेजारी गुरूसुद्धा. आमच्या शाळेतल्या पंडितजींनी मागितलेला गुरू तीसेक वर्षं उशिरा का होईना, हजर झाला. मागणारे पंडितजी तेवढे राहिले नाहीत.

तेव्हाची थंडी आताच्या पोरांना सांगून पटायची नाही. मुसी नदीवर सकाळी धुकं असं दाट उतरायचं की धोबी कपड्यांऐवजी धुकंच पिळून दगडावर आपटायचे. इराण्याच्या हॉटेलातला चहा बशीत पडेपर्यंत कोमट आणि ओठाशी येईपर्यंत शरबत झालेला असायचा. आणि आकाश? गच्चीवर वाळत घातलेल्या धोतरावर चांदण्यांचे डाग पडत आणि ते साबणानं निघत नसत. मी थोडं वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. पण पुढं जे सांगणार आहे त्यात मी काही वाढवलेलं नाही, आणि नेमकं तेच लोकांना थाप वाटतं.

निजामी अमदानी होती. सुलतान बाजाराच्या पलीकडे आमची शाळा, शिकवणं उर्दूतून. मी मराठी शिकवायचो, म्हणजे जेवणात लोणच्याची जी जागा तीच वेळापत्रकात माझी. सायन्स शिकवायचा आष्टेकर. बीडकडचा, काटकुळा. शेरवानी घातली की खुंटीवर टांगल्यासारखी दिसायची. या माणसाला एकच वेड होतं. पोरांना आकाश दाखवायचं, आणि ते मास्तरांनी दाखवायचं.

"वेधशाळेतला साहेब वर्षातून एकदा येणार, उमरीकर," तो मला म्हणायचा. "मास्तर रोज आहे. प्रत्येक शाळेच्या गच्चीवर संध्याकाळी एक मास्तर उभा राहिला पाहिजे. सायन्सचाच पाहिजे असं नाही. तूसुद्धा चालशील."

'तूसुद्धा' मला लागलं होतं, पण मी गेलो.

त्याच्याकडे दुर्बीण नव्हती. मोसंबी होतं. पुठ्ठ्याची एक चकती मधोमध कापून तो ती मोसंब्याभोवती बसवायचा आणि वर्गात हात उंच धरून सांगायचा, हा शनी, हे त्याचं कडं. कुठंही न टेकलेलं कडं, अधांतरी. पोरं आ करून बघत. मग तो म्हणायचा, हे खोटं आहे, खरं मी तुम्हाला याच डोळ्यांनी दाखवीन. तास संपला की मोसंबी सोलून वाटलं जायचं. पुठ्ठ्याच्या कड्याच्या वासाचं मोसंबी. अजून कुठल्या बाजारात तशी चव मिळाली नाही.

दुर्बीण होती ती तालीम खात्याच्या, म्हणजे शिक्षणखात्याच्या नवाबसाहेबांकडे. त्यांच्या वालिदांनी विलायतेहून आणवलेली, पितळेची, आणि या थोरल्या हुजूरांनी आयुष्यभर तिच्यातून दुसऱ्यांचे पतंग पाहिले होते. आष्टेकरनं कुणाकुणाच्या देवड्या झिजवल्या देव जाणे. त्या हिवाळ्यापुरती दुर्बीण शाळेला मिळाली. अट अशी, की एका संध्याकाळी नवाबसाहेब स्वतः येतील, इंतजाम बघतील आणि खूश झाले तर दुर्बीण शाळेची. नाही झाले तर परत पतंगांकडे. आष्टेकरचा सगळा जीव त्या एका संध्याकाळीत अडकला. दुर्बीण राहिली तर पोरं कडं बघणार होती, आणि पोरांनी बघितलं तर इतर शाळांचे मास्तर हलणार होते.

बैलगाडीतून ती आली तेव्हा सगळा सुलतान बाजार मागून चालत आला. रजईत गुंडाळलेली ती लांबलचक नळी पाहून लोकांनी ठरवलं की शाळेच्या गच्चीवर तोफ चढते आहे. कोतवालीतून माणूस आला. आष्टेकरनं त्याला गच्चीवर नेऊन दिवसाढवळ्या गोवळकोंड्याचा बुरूज दाखवला. तो माणूस तासभर हलेना, शेवटी कोतवालीतून त्याला शोधायला दुसरा माणूस आला.

आता मास्तरांना तयार करायचं. मास्तर ही जात किती जड असते हे ज्यानं मास्तरकी केली आहे त्यालाच कळेल. घंटा झाली की आमच्यातला जीव घरी जायचा, देह नंतर हळूहळू जायचा. संध्याकाळी गच्चीवर या म्हटल्यावर एकाची शिकवणी निघाली, एकाची कंबर. संस्कृतचे पंडितजी म्हणाले, शनीकडे आपण होऊन बघायचं? तो आपल्याकडे बघतो तेवढं पुरत नाही काय? दाखवायचाच तर गुरू दाखवा. आष्टेकर म्हणाला, गुरू या दिवसांत पहाटे दिसतो. पंडितजी म्हणाले, मग पहाटे तुम्हीच बघा. फारसीच्या मौलवीसाहेबांनी पान तोंडात असल्यानं नुसतं वर बोट केलं. त्याचा अर्थ 'त्याची मर्जी' असाही होता आणि 'जिने फार आहेत' असाही.

पण आष्टेकर भारी चिवट. त्यानं जिन्याच्या तोंडाशी शेगडी मांडली, त्यावर चहा आणि शेजारी परातभर चिरलेले जांब. वासानं एकेक मास्तर वर आला. आणि मग ज्या संध्याकाळी झाल्या, त्या आठवल्या की मला अजून वाटतं, तेवढ्याच झाल्या असत्या आणि पुढचं काही झालं नसतं तर बरं होतं.

मगरिबची बांग विरायची, गच्चीच्या फरशीत दिवसाची ऊब थोडी उरलेली असायची, खाली टांग्यांच्या घंटा. आष्टेकर पेच फिरवायचा, बाजूला व्हायचा आणि म्हणायचा, या. पंडितजी आधी जानव्याला हात लावून, एक डोळा मिटून, मग दुसराही मिटून उभे राहिले. आष्टेकर म्हणाला, पंडितजी, एक तरी उघडा. त्यांनी उघडला. आणि ज्या माणसाला आम्ही झोपेतही बोलताना ऐकलं होतं, तो गप्प झाला. बराच वेळ वाकलेलाच. मग सरळ होऊन कुणाशी न बोलता जिना उतरून घरी गेला, चपला गच्चीवरच विसरून. मौलवीसाहेबांनी तोंडातलं पान थुंकलं, जे त्यांनी वरिष्ठांसमोरही कधी केलं नव्हतं, आणि म्हणाले, "या अल्लाह, सचमुच टेकलेलं नाही." अर्धं उर्दू, अर्धं मराठी. मी पाहिलं तेव्हा मला काय वाटलं ते सांगत नाही, कारण तिथं मला अतिशयोक्ती सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर लोक पोरांच्या आधी गच्चीवर. दोन आठवड्यांत प्रत्येकाला नळी रोखता येऊ लागली. आष्टेकरनं एक गोष्ट घोकून घेतली होती. आकाश थांबत नाही, तारा बघता बघता नळीतून निसटतो, म्हणून प्रत्येकानं पाहिल्यावर पेच थोडा फिरवायचा, मग पुढच्याला बोलवायचं. हे मौलवीसाहेबांना येत होतं, पंडितजींना येत होतं, ड्रिलमास्तरांनाही. हे लक्षात असू द्या.

पोरांना मात्र वर यायची मनाई होती. हा हुकूम हेडमास्तर रायसाहेबांचा. जुनं घराणं, पिढ्यान्पिढ्या सरकारी नोकरीतलं, घरात देव्हाऱ्यापुढची आरतीसुद्धा अदबीनं म्हणणारं. त्यांचं म्हणणं, नवाबसाहेबांच्या आधी पोरांनी पाहणं बरं दिसत नाही. पोरं खाली मैदानात उभी राहून गच्चीच्या कठड्यावरून दिसणारं नळीचं टोक बघायची.

दिवस जवळ आला आणि मास्तरखोलीत मेहमाननवाजी सुरू झाली. आकाशाचं बोलणं मागं पडलं. हैद्राबादी मास्तराला शिकवता येईल न येईल, पाहुणा कसा बसवायचा हे आईच्या पोटातून येतं. गालिचा कुणाकडचा, हुक्का ठेवावा की नाही, शरबत गुलाबाचं की खसचं, हार मोगऱ्याचा कुठून आणणार या दिवसांत. ज्यांना शिकवणीमुळे वेळ नव्हता ते आता मध्यरात्रीपर्यंत तंबूवाल्याकडे बसू लागले. पोरांनाही तालीम मिळाली. ड्रिलमास्तर शिट्टी मारत: एक पाऊल पुढं, सलाम, वाकायचं, डोळा लावायचा, 'सुभानल्लाह' म्हणायचं, एक पाऊल मागं, पुढचा. दुर्बिणीच्या जागी मैदानात एक स्टूल ठेवलं होतं. पोरं आठवडाभर त्या स्टुलाला सुभानल्लाह म्हणत होती.

आणि मग पंडितजींनी ती शंका काढली. नवाबसाहेबांच्या आधी आष्टेकर नळी रोखणार, म्हणजे डोळा लावणार. म्हणजे पाहुण्याला दुसऱ्यानं पाहिलेलं दाखवायचं. हे उष्टं नाही का? मी हसलो. पण मौलवीसाहेब हसले नाहीत. ते विचारात पडले, म्हणाले, बात तो सही है, झूठी थाळी पाहुण्यापुढं कशी ठेवणार. त्या दोघांचं एकमत झाल्याचं शाळेच्या इतिहासात दुसरं उदाहरण नाही. संधीपासून समासापर्यंत आणि मीठ किती घालावं इथपासून मेल्यावर माणूस कुठं जातो इथपर्यंत ज्यांचं कधी जमलं नाही, ते आष्टेकरच्या डोळ्यावर एक झाले.

आष्टेकरनं समजावलं. विनवलं. न बघता नळी रोखायची कशी? रायसाहेबांनी मध्यम मार्ग काढला, ते त्यासाठीच पगार घेत. आष्टेकरनं अंधार पडताच एकदा पाहून रोखावं, मग काच गुलाबपाण्यानं पुसून वर जरीची टोपी चढवावी. ती टोपी हुजूर स्वतः काढतील. त्यानंतर हुजूरांच्या आधी कुणी हात लावायचा नाही.

आष्टेकर हरला नाही. हुशार माणूस. म्हणाला, ठीक, शनी जिथं आहे तिथं मी रोखतच नाही. थोड्या वेळानं जिथं येईल तिथं रोखतो. हुजूर मगरिबनंतर लगेच येणार ना? टोपी काढतील तेव्हा तो बरोबर समोर येईल.

त्या संध्याकाळी हवा अशी स्वच्छ होती की पलीकडच्या गल्लीतलं तळण वासावरून मोजता आलं असतं. गालिचे, गुलाबदाण्या, कठड्यावर ओळीनं रॉकेलच्या चिमण्या. मास्तर मंडळी इस्त्रीच्या शेरवान्यांत, डोक्यावर दस्तार, पंडितजी शाल घेऊन. पोरं खाली मैदानात रांगेत, तेल चोपडलेली, डोळ्यांत काजळ, कारण कुणीतरी आयांना सांगितलं होतं की आज डोळ्यांचं काम आहे. आष्टेकरनं नळी रोखली, काच पुसली गेली, टोपी चढली. आणि नवाबसाहेब आले नाहीत.

ते वाटेत एका वलीम्याला, लग्नाच्या जेवणाला थांबले होते, आग्रहानं. त्यांना नाही म्हणता आलं नाही. आम्ही वाट बघत राहिलो. शनी ठरल्या वेळी ठरल्या जागी आला. जरीच्या टोपीखाली, बंद नळीत, आपलं अधांतरी कडं घेऊन आला, जरा थांबल्यासारखं केलं असेल नसेल, आणि गेला. कुणाचाही डोळा तिथं नव्हता. आष्टेकर टोपीकडे बघत उभा होता. त्याच्या ओठांवरून मला कळलं तो गेला ते.

मग गडबड झाली, हुजूर आले. फार सभ्य माणूस, खरंच. जिना चढून दम लागला होता तरी प्रत्येक मास्तराचा सलाम थांबून घेतला. उशिराची माफी मागितली. टोपी काढली, वाकले, डोळा लावला. काळ्या आकाशाचा एक रिकामा तुकडा असणार तिथं. बराच वेळ बघितला त्यांनी तो. मग सरळ झाले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "सुभानल्लाह. क्या चीज़ बनाई है बनानेवाले ने."

आष्टेकर पुढं झाला. हात पेचाकडे गेला. रायसाहेबांनी त्याचं मनगट धरलं, मऊच, पान द्यावं तसं.

"बच्चे खड़े हैं, साहब," आष्टेकर हळू म्हणाला. "एक पेच घुमाना है, बस."

"घुमाओगे," रायसाहेब तितकंच हळू म्हणाले, "तो फिर हुजूर ने क्या देखा?"

आष्टेकरनं हात मागं घेतला. रायसाहेबांनीच पुढचं सांगून टाकलं.

"जो हुजूर ने देखा, वही सब देखेंगे."

आणि सगळ्यांनी तेच पाहिलं. आधी हुजूरांबरोबरची मंडळी, एकेक सुभानल्लाह. मग मास्तर. मौलवीसाहेबांनी पाहिलं. पंडितजींनी पाहिलं, 'अद्भुत' म्हणाले आणि शालीनं डोळे टिपले. चपला विसरून घरी गेलेले पंडितजी. नळीत काही नाही हे त्या गच्चीवर शाळेच्या प्रत्येक मास्तराला कळत होतं, कारण प्रत्येकानं आधी खरं पाहिलं होतं. अडाण्यांचा जमाव असता तर मी माफ केलं असतं. आणि खरं तर त्या संध्याकाळी तिथं एकही वाईट माणूस नव्हता. आपल्याला काही दिसलं नाही हे नवाबसाहेबांनासुद्धा कळलं असणार. पण एवढ्या प्रेमानं बोलावणाऱ्या मास्तरांना ते कसं सांगणार? सगळे एकमेकांना सांभाळत होते. उघड्या डोळ्यांना दिसेल असा तिकडे शनी चिंचेच्या शेंड्याकडे उतरत चालला होता आणि त्याला सांभाळणारं कुणी नव्हतं.

मग पोरं आली. एक पाऊल पुढं, सलाम, डोळा, सुभानल्लाह, एक पाऊल मागं. स्टुलाची तालीम कामी आली, एकाचीही चूक झाली नाही. आष्टेकर हात मागं बांधून दुर्बिणीशेजारी उभा, एकेकाचं तोंड बघत. एक पोरगं रांगेतून बाहेर पडून त्याच्यापाशी आलं, मास्तरांना बरं वाटावं म्हणून, आणि म्हणालं, "सर, मोसंब्यापेक्षा छान होतं."

"हो का?" आष्टेकर म्हणाला, आणि पोराच्या काजळाचा ओघळ अंगठ्यानं पुसला.

हुजूर बेहद्द खूश झाले. दुर्बीण तिथल्या तिथं शाळेला बहाल. रायसाहेबांनी दुसऱ्या दिवशी लोहार बोलावला आणि हुजूरांनी जी दिशा पाहिली तीच राहावी म्हणून सगळे पेच शिसं ओतून पक्के केले. खाली दगडाची कोरीव पाटी बसायची होती. ती तयार होऊन तिच्यावरचा पडदा उठेपर्यंत दुर्बिणीवर लाल बनातीची चादर पांघरलेली, हात लावायचा नाही. तोवर शनी सूर्याच्या उजेडात बुडाला.

आणि आष्टेकरची इच्छा पुरी झाली, हे सांगायचं राहिलं. दर मार्गशीर्षात आमच्या गच्चीवर 'तारोंकी शाम' होऊ लागली. दुसऱ्या शाळांचे मास्तर शिकायला येऊ लागले. गालिचा कसा अंथरायचा, शरबत कधी फिरवायचं, रांग कशी लावायची, सगळं शिकून गेले. वरंगळ म्हणू नका, परभणी म्हणू नका, औरंगाबाद म्हणू नका, गच्चीगच्चीवर मास्तर उभे राहिले. जिथं दुर्बीण नव्हती तिथं नुसता पाइप लावून शाम झाल्याचं मी ऐकलं आहे, आणि ती तर म्हणे सर्वांत रंगली.

आष्टेकर आमच्या शामला दरवर्षी यायचा. पोरगं डोळा लावी तेव्हा तो कानाशी पुटपुटायचा, थांब, घाई करू नकोस, एखादा तारा चालत येईल समोरून. कधीकधी यायचाही. पण मागून शिट्टी वाजायची, पुढचा.

एकदा मी त्याला म्हटलं, सोड आता. तो शिशानं बुजलेल्या पेचावरून बोट फिरवत म्हणाला, "नळी हलत नाही, हरकत नाही. तो तर हलतो. तीसेक वर्षांत फेरी पुरी करून याच दिवसांत, याच जागी येईल. तेव्हा टोपी घालू द्यायची नाही, एवढंच बघायचं."

तीस वर्षांत काय काय फिरलं. निजामी गेली, रियासतीचे तीन तुकडे झाले, भाषेप्रमाणे नोकर वाटले गेले आणि आष्टेकर वाटणीत मराठवाड्यात गेला. परवापरवा तिकडेच वारला. मी इथंच हैद्राबादेत, हिमायतनगरात, पेन्शन खात बसलो आहे.

गेल्या आठवड्यात जांब घेतले आणि तसाच शाळेत गेलो. नवा चपराशी, तेलंगणातला पोरगेला गडी. किल्ली घेऊन वर आला. दुर्बीण आहे! दरवर्षी भिंतींबरोबर तिलाही रंग देतात, त्यामुळे पितळ दिसत नाही, पण काच खरवडून साफ करता आली. शेजारच्या मशिदीत बांग झाली. मी वाकलो. आष्टेकरनं सांगितलेली जागा, सांगितलेले दिवस, वर आकाश स्वच्छ. डोळा लावून मी वाट बघितली.

समोर नवं तीन मजली लॉज झालं आहे. नळी सरळ त्याच्या पाण्याच्या टाकीवर रोखलेली. त्या टाकीमागून तो आला असेल. ठरल्याप्रमाणं येऊन, ठरल्याप्रमाणं गेला असेल. मी कंबर दुखेपर्यंत वाकून होतो.

सरळ झालो तेव्हा चपराशानं अदबीनं विचारलं, "क्या दिखा, साब?"

मी त्याच्या हातावर एक जांब ठेवला.

"वही," म्हटलं, "जो हुजूर ने देखा था."